वाशिमचं बाप्टिस्ट चर्च आणि मागच्या दारचा हौद

मंगरूळपीरहून वाशिम म्हणजे एसटीनं तासाभराचा रस्ता, त्यात बायकांना हाफ तिकीट. तरी तिथलं जुनं बाप्टिस्ट चर्च बघायला मी कधी गेले नव्हते. परवाच्या रविवारी एकदाची निघाले. तुम्हीही जाणार असाल तर स्टँडवर आलूबोंडा खाऊन घ्या, उपासना लांबते.

चर्च देखणं आहे हो! काळा दगड, चुन्याची जोडाई, टोकदार कमानी, वर छताच्या सागवानी कैच्यांवर कौलं. मी मागच्या दारानं शिरले. तिथं पायऱ्यांचा दगडी हौद, काठोकाठ भरलेला. आमच्याकडे दर्ग्यात जायचं ते हातपाय धुऊनच. तीच सवय. पायरीवर बसले आणि धुळीचे पाय त्यात खळखळून धुतले. वर स्वतःवरच खूश, की बघा, आपण किती मान राखतो!

आत पाळकसाहेब कौतुकानं इमारत दाखवू लागले. "आमच्यात लहान लेकराचा बाप्तिस्मा नसते. समजत्या माणसानं सोताहून पाण्यात उतराचं, पुरं बुडाचं. पहिले नदीवर जात, मंग मागं हौद बांधला. आज मार्थाबाईचा हाय. सकाळीच टँकरचं पाणी भरलं."

म्हणजे मी पाय धुतले ते त्याच पाण्यात! पांढऱ्या लुगड्यातल्या मार्थाबाई, साठीच्या, पहिल्या बाकावर बसल्या होत्या. सांगावं तर पाणी उपसावं लागणार, सगळ्यांसमोर माझी शोभा होणार. मूग गिळून बसले. मंडळी गात बाहेर आली, मार्थाबाई पायऱ्या उतरल्या आणि डोक्यासकट त्या पाण्याखाली गेल्या. मला वर बघवेना.

नंतर जेवण होतं, कोंबडीचा रस्सा नि भाकर. मार्थाबाईंनी मला शेजारी बसवलं, केस अजून ओले. मी भाकर नुसतीच कुस्करत होते. शेवटी म्हटलं, "बाई, त्या हौदात मी..."

"पाय धुतले. कपडे बदलतांनी खिडकीतून पाह्यलं म्या."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कायले? दुसरं पाणी उद्याच भेटलं असतं, अन् माहा पोरगा सांजच्याच गाडीनं चालला. त्याच्यासाठीच तं इतके दिवस थांबली होती." माझ्या ताटात रस्सा वाढत म्हणाल्या, "पायाचं काई नाई वं माय. तू सांगशीन म्हणून बाकावर वाट पाहून राह्यली होती मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आईनं विचारलं, "काय काय पाह्यलं वं?" कमानी सांगितल्या, कौलं सांगितली, रस्साही सांगितला. हौदाचं तोंडातून निघालं नाही. पाय धुतले ते न कळून. गप्प बसले ते पुरतं कळून, आणि आईसमोर पुन्हा तेच केलं.