दुपट्ट्याखालचा हात

मठातल्या महाराजांनी मला फसवलं, आणि तेही महादेवाचं नाव घेऊन. मला एचआयव्ही आहे हे त्यांना ठाऊक होतं. मीच त्यांच्या पायांशी बसून सांगितलं होतं. ते म्हणाले, "भक्ती खरी असेल तर गोळ्या वैनगंगेत सोड." मी सोडल्या. घरी बायको कडाडली, "अवो, देव आला होता काय सांगाले, गोळ्या खाऊ नोका म्हणून?" मी तिच्यावरच ओरडलो. बैलांच्या बाजारात भल्याभल्यांना नमवणारा माणूस मी. घरात कोणाचं कशाला ऐकतो?

एका गोऱ्ह्यापासून मी धंदा उभा केला. बैलाचे दात, खूर, चाल पाहून तो धानाच्या बांधीतल्या चिखलात किती वर्षं चालेल हे मी सांगायचो आणि ते खरं ठरायचं. गोळ्या सोडल्यावर काही महिन्यांत मात्र डोकं जड व्हायला लागलं. समोरच्याचं नाव जिभेवर येईना, गोठ्यात कशाला आलो ते गोठ्यातच विसरायचो, राग तर नाकावरच. लाखनीकडच्या बाजारात दलाल हसायचे, "शेठचं मशीन गरम होऊन बंद पडून राहिलं बा!" ताप ना खोकला, म्हणून हा रोगाचा भाग असेल असं मनातही आलं नाही. वाटलं, माझी भक्तीच कमी पडते आहे. देवळात नंदीच्या कानात रोज तेच सांगायचो, माझी अक्कल परत दे.

अशातच एका जोडीचा सौदा आला. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात धरून बोटं दाबतात, जितकी बोटं तितका भाव, आणि एकदा दाबलं की शब्द मागे घेता येत नाही. विकणारा पिकल्या मिशांचा, अनोळखी माणूस होता. त्याने तीन बोटं दाबली. मला दोन दाबायची होती. मी चार दाबली, त्याने मागितलं त्याच्याहूनही जास्त, आणि मला कळलंसुद्धा नाही. भोवती माणसं उभी होती, पण कपड्याखाली काय चाललंय ते कोणाला दिसणार? त्याने हो म्हटलं असतं तर बाजारात माझी अब्रू तिथेच संपली असती. त्याने माझी चारही बोटं हळूच मिटवली, सौदा न करताच हात सोडला आणि मोठ्याने म्हणाला, "चाला भाऊ, आधी चाय घेऊ."

टपरीमागे त्याने विचारलं, "असं कधीपासून होऊन राहिलं?" जे सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते मी त्याला सांगितलं. त्याने खिशातून लहानशी डबी काढली. आत मी नदीत सोडली तीच गोळी होती. "मले बी झालं होतं. देव नाई कोपला. ही बिमारी डोक्यात बी घुसते. उद्याच दवाखान्यात जा, अन् विसरतो हे सांगाले लाजू नको."

गेलो. डॉक्टरबाईंनी चार शब्द सांगितले, मग अंगठ्यावर बोट भराभर आपटायला लावलं. बोट अडखळलं, शब्द दोनच आठवले. जोड्या पारखणारा मी, तिथे मान खाली घालून बसलो. तपासण्या झाल्या, औषधं पुन्हा सुरू झाली. बाई म्हणाल्या, सगळं परत येईलच असं नाही, पण आता एकही गोळी चुकवू नका. मी चुकवत नाही. हल्ली चारपैकी तीन शब्द आठवतात. चौथ्यासाठी खिशात वही आहे आणि बायको आहे. परवा तीन दलालांना मागे टाकून बाजारातली सर्वांत देखणी जोडी मी घेतली. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

तो माणूस पुन्हा दिसला नाही. मी शोधलाही नाही. महादेवाने माझी अक्कल परत दिली ती त्या हातातून, एवढं मी मानतो. शरण जाणं म्हणजे औषध नदीत टाकणं नव्हे. आपलं बोट चुकतंय हे कबूल करून हात समोरच्याच्या हातात ठेवणं, हे मला दुपट्ट्याखाली कळलं.

पण नदीत गेलेले माझे महिने आणि तो चौथा शब्द कोणाच्या माथी? मागच्या सोमवारी मठाच्या पायरीवर एक बाई गोळ्यांची तसलीच डबी घेऊन बसलेली पाहिली. मी तिला उठवून दवाखान्यात नेलं. महाराज, तिलाही हेच सांगितलं होतंत ना? येत्या सोमवारी आरतीनंतर मी सगळ्यांसमोर उभा राहून विचारणार आहे. दुपट्टा आणणार नाही. उत्तर उघड्यावर द्या.