सिमखालची चिप

भावाने अमेरिकेतून वडिलांना आपला जुना फोन पाठवला. तो तिथल्याच कंपनीच्या सिमवर चालायचा. पनवेलच्या दुकानदाराने इथल्या सिमखाली नखाएवढी चिप बसवून नेटवर्क आणलं आणि बजावलं, "काका, फोन बंद करू नका. केलात तर चिपचं सेटिंग पुन्हा करावं लागेल."

वडिलांना ते जमणं शक्यच नव्हतं. झोपण्याआधी गॅस, गिझर, टीव्ही, सगळं बंद करणारा माणूस. त्यात फोनही बंद व्हायचा, आणि मी कळंबोलीहून कामोठ्याला सेटिंग करायला धावायचो. माझा साधा फोन देऊ केला, तर म्हणाले, "थोरल्याने पाठवलाय." माझं डोकं फिरलं. "मग यापुढे त्यालाच बोलवा," म्हणालो आणि निघालो.

चार दिवस त्यांचा फोन आला नाही. रुसले असतील तर रुसू देत, म्हणून मीही केला नाही. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार तोडलं.

भाऊ आला. बाथरूममध्ये वडिलांजवळ सापडलेला फोन चार्ज करून म्हणाला, "चांगला चालतोय की अजून." मी त्याला कॉलची यादी दाखवली. त्याचा नंबर कुठेच नव्हता. माझा नऊ वेळा होता. एकदाही लागला नव्हता.