हायड्रोजनचा दुसरा अणू

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी कारंज्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते. पीएचडीचं शेवटचं गणित उरलं होतं. आई नाही, भाऊ पुण्याला. तास थांबवून, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मी गावी, किन्हीराजाला आले आणि बाबांच्या खाटेशेजारी मांडला.

गणित नॅफ्थॅलीनचं. कपाटातल्या डांबरगोळ्या, त्याच. कार्बनच्या कड्या एकमेकींना जोडून झालेले या जातीचे रेणू ताऱ्यांमधल्या थंड पोकळीत असतात आणि हायड्रोजनचे सुटे अणू त्यांच्यावर येऊन आदळतात. ते चिकटतात का आणि त्याला किती ऊर्जा लागते, ते मला काढायचं होतं; बाबांनाही हे सांगून झालं होतं.

मशीन सारखं घरघरायचं. बाबांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, भाकरी टाकायची, मधेच पडद्यावरचे आकडे बघायचे. गणित लावल्याच्या नवव्या दिवशी भर दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरही बसला. मधले आकडे साठवायची सूचना द्यायला मीच विसरले होते. भिंतीला टेकून खाली बसले. रडूही आलं नाही.

"काय झालं वं?" बाबांनी विचारलं.

"सारं पुन्हा करा लागते."

"त्या अणूले चिकटाले येवढा तरास काहून होते?"

"रेणू सपाट असते, बाबा. पहिला अणू आला का तिथचा कार्बन वर उचला लागते. थोच अडथळा. दुसरा मातर सहज येते. एक तं बाजूले बसते, नाही तं पहिल्याले संगं घेऊन निघून जाते. दोघाइचा हायड्रोजन वायू होते."

"अन् रेणू?"

"होता तसाच राह्यते."

"मंग पुन्हा कोनी येत असन त्याच्यावर."

"येते ना."

मी गणित पुन्हा लावलं.

उत्तर आलं ते इतरांनी आधी काढलेल्या उत्तराच्या जवळपासच होतं. माझं म्हणावं असं त्यात थोडंच. प्रबंध दिला आणि काही महिन्यांनी पीएचडीची तोंडी परीक्षा त्याच खोलीतून, कॉम्प्युटरवर दिली. परीक्षकांनी विचारलं, "इतक्या थंडीत अणूकडे ऊर्जा नसते, मग तो अडथळा ओलांडतो कसा?" मी म्हटलं, "ओलांडत नाही सर, क्वांटमच्या नियमाने कधीकधी त्याच्या आरपार निघतो." ते मान हलवून पुढच्या पानावर गेले.

पडदा बंद केला तेव्हा बाबा जागेच होते.

"झालं?"

"झालं."

"मंग नीज आता घडीभर. चहाचं मी शेजारच्या काकूले सांगतो."

मी चटईवर आडवी झाले. सोमवारपासून कारंज्याला पुन्हा तास होते, पहिल्या वर्षाचे.