पाहा : धाकट्यांचं कपाट

कुणी विचारलं की मी सांगते, पुस्तकांची आवड होती म्हणून ग्रंथपाल झाले. लोकांना हे उत्तर आवडतं. खरी गोष्ट अशी की मी रागापायी ग्रंथपाल झाले. मला एक कपाट उघडायचं होतं. कुलूप तोडून नाही. ज्या माणसानं ते माझ्या तोंडावर बंद केलं होतं, त्यानंच ते स्वतःच्या हातानं उघडावं, एवढीच माझी इच्छा होती. ती पुरी व्हायला माझे केस पिकायला लागले.

गावाचं नाव सांगत नाही. मंचरच्या मार्केटात कांदा-बटाटा पाठवणारी जी गावं आहेत, त्यातलं एक समजा. आमचं वाचनालय दूध डेअरीच्या माडीवर, दोन खोल्यांत. तिथं पुस्तकं विषयानं लावलेली नव्हती की लेखकाच्या नावानं. ती लावलेली होती मेलेल्या माणसांच्या नावानं. घरात कुणी वारलं की वारस एक लोखंडी कपाट आणि त्यात मावतील तेवढी पुस्तकं वाचनालयाला द्यायचे, आणि कपाटावर रंगवून घ्यायचे : कैलासवासी अमुक, समाजभूषण तमुक, ह.भ.प. फलाणे यांच्या स्मरणार्थ. एखादं पुस्तक शोधायचं तर आधी कोण कोण गेलं ते आठवायला लागायचं.

या सगळ्यांत मोठी देणगी होती वाचनालयाच्या अध्यक्षांच्या वडिलांची, आप्पांची. म्हाताऱ्यानं जिवंतपणीच दोन कपाटं दिली आणि त्यांत एका मोठ्या ज्ञानकोशाचे सगळे खंड दिले. तो गेला आणि दोघा मुलांची वाटणी झाली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आंबे वाटले. शेवटी भांडणाच्या भरात वाचनालयाला दिलेला कोशही वाटला. एक, तीन, पाच असे खंड थोरल्यांच्या कपाटात. दोन, चार, सहा धाकट्यांच्या. दोघांनी आपापलं कुलूप लावलं. धाकटे पुण्याला राहायला गेले ते किल्ली घेऊनच. थोरले गावात राहिले आणि अध्यक्ष झाले. सगळा गाव त्यांना दादा म्हणायचा. कमिटीतल्या कुणी तोंडातून ब्र काढला नाही. कार्डांच्या पेटीतही एका कोशाची दोन कार्डं झाली, दोन वेगळ्या नावांनी, जशी काही दोन वेगळी पुस्तकं.

मी नववीत होते. वारूळवाडीच्या मावशीनं मला एकदा खोडदला नेऊन आभाळाकडं तोंड केलेल्या त्या मोठाल्या तबकड्या दाखवल्या. ही दुर्बीण आहे म्हणाली. मला पटेना. काच कुठं होती? डोळा कुठं लावायचा? शाळेत विचारलं तर मास्तर म्हणाले, वाचनालयात कोश आहे, त्यात बघ.

तो रविवार होता. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर मंचरच्या मार्केटात कांदा निवडायला जायचे. परत येताना आईला खाली डेअरीपाशी थांबायला सांगून मी माडीवर गेले. दादा स्वतः बसलेले होते, मनःस्थिती बरी असावी, त्यांनी कपाट उघडून खंड काढून दिला. मी ‘दुर्बीण’ काढलं. चांगली दोन पानं होती. शेवटी लिहिलं होतं : रेडिओ दुर्बिणीसाठी पाहा, रेडिओ ज्योतिषशास्त्र. मी कपाटाकडं पाहिलं. ‘र’चा खंड तिथं नव्हता. तो शेजारच्या, धाकट्यांच्या कपाटात, कुलपाआड होता.

मी सरळ विचारलं, "दादा, ते पुस्तक धाकट्या काकांकडं आहे ना? त्यांना किल्ली मागाल का?"

त्यांचा चेहराच बदलला. गावात कुणी त्यांच्यापुढं भावाचं नाव काढत नसे, हे मला कुठं ठाऊक होतं. त्यांनी माझ्या हातातला खंड ओढून घेतला आणि नाकाशी नेला.

"बघा रं," पेपर वाचत बसलेल्यांना ते म्हणाले, "पुस्तकाला कांद्याचा वास मारतोय. कुणाची गं तू? कांदं निवडनाऱ्याच्या घरात दुर्बीन कशाला पायजे? कांदा तर नुसत्या डोळ्यानं बी दिसतो."

पेपरवाले हसले. दादांनी खंड आत ठेवला, कुलूप लावलं, ओढून बघितलं. मी वळले तर जिन्याच्या वरच्या पायरीवर आई उभी होती. उशीर झाला म्हणून बघायला वर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

घराच्या उंबऱ्याशी आल्यावर आई म्हणाली, "हात धुऊन जायचं व्हतं गं."

मी धुतले होते. मार्केटातल्या नळावर माती लावून चोळून धुतले होते. पण मी तिला ते सांगितलं नाही, कारण मग तिला वाटलं असतं की हा वास कधी जातच नाही. त्या रात्री मी ठरवलं, हे फेडायचं.

पुढं मी ग्रंथालयशास्त्र शिकले. बाकीच्या मुली वर्गीकरणाला आणि तालिकेला, म्हणजे पुस्तकांच्या सूचीला, कंटाळायच्या. मला त्यात मजा यायची. एका ग्रंथाची एकच नोंद. एका लेखकाचं नाव एकाच रूपात. नावापुढचं डॉक्टर, प्राध्यापक, माननीय, समाजभूषण, सगळं गळून पडायचं. तालिकेत कुणी कुणाचा दादा नसतो, हे कळल्या दिवशी मला जे वाटलं ते सांगण्यासारखं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काढली. मग गावातली जागा रिकामी झाल्याचं कळलं. पगार म्हणजे नावाला. घरचे म्हणाले, वेड लागलंय का? मी अर्ज केला.

मुलाखत दादांनीच घेतली. म्हातारे झाले होते, हातात काठी आली होती, पण अध्यक्षपद सोडलं नव्हतं. "कुणाची गं तू?" त्यांनी विचारलं. तेच शब्द, त्याच सुरात. मी आईचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "बरं, बरं. उद्यापासनं ये." मला त्यांनी ओळखलं नव्हतं. तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं.

पहिले काही महिने मी मुकाट्यानं धूळ झटकली. मग कॉम्प्युटर आला आणि मी कमिटीपुढं तालिकेचं धोरण ठेवलं. एकेक नियम मोठ्यानं वाचून दाखवला, काहीही लपवलं नाही. पुस्तकं कपाटानुसार नाही, विषयानुसार लागतील. एका संचाची नोंद एकच राहील, तो कुठंही ठेवलेला असो. नावांपुढच्या पदव्या नोंदीत येणार नाहीत. देणगीदाराचं नाव नोंदीच्या सगळ्यात खाली, टीप म्हणून, सगळ्यांचं सारख्या पद्धतीनं. आणि जे संच अर्धवट आहेत त्यांची यादी जिन्याखालच्या फळ्यावर लागेल, म्हणजे गावातून कुणाकडं उरलेले भाग असले तर ते आणून देतील.

उदाहरणं देताना मी जरा डोकं चालवलं, एवढंच. दरवेळी दुसऱ्यांचीच कपाटं घेतली. ज्यांच्याशी दादांचं सोसायटीच्या निवडणुकीपासून पटत नव्हतं, त्यांच्या आजोबांचं ‘समाजभूषण’ नोंदीतून जाणार म्हटल्यावर दादा खूश झाले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "लिहा. कुणाचंबी लाड नकोत. येकच नियम समद्यांला." मी ते त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहिलं आणि खाली त्यांची सही घेतली.

पावसाळ्यापर्यंत सगळी कपाटं फुटली. कादंबऱ्या कादंबऱ्यांत गेल्या, शेतीची पुस्तकं शेतीत. लोकांना पुस्तकं सापडायला लागली. राहिली दोनच कपाटं. मी दादांकडं किल्ली मागितली.

"त्या कपाटाचं येगळं हाय," ते म्हणाले.

मी वाद घातला नाही. गेले आणि यादी केली. फळ्यावर लावली. वरच्या ओळीतच होतं : ज्ञानकोश, संच अपूर्ण, देणगी, आणि पुढं त्यांच्या वडिलांचं नाव. नुसतं नाव, मागंपुढं काही नाही.

डेअरीला दूध घालायला येणारं प्रत्येक माणूस त्या फळ्यापुढून जातं. आठवडाभरात गावात बोललं जाऊ लागलं. म्हाताऱ्यानं अर्धाच कोश दिला व्हता काय? एवढी कपाटं रंगवली आन् आत निम्मीच पुस्तकं? एक जण तर वर येऊन मला विचारून गेला, "बाई, मोठं घर, पन देताना हात आखडला व्हता म्हना की?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी फक्त जे समोर आहे त्याची नोंद करते. हे वाक्य म्हणताना मला जी गोडी वाटली ती मी लपवत नाही.

दादा आले. जिना चढून धापा टाकत होते. "ते फळ्यावरचं काढ."

"काढते की, दादा. संच पूर्ण झाला की नाव आपोआप निघेल. दोन्ही कपाटं उघडायला हवीत."

"माझी किल्ली हाय. त्याची त्याच्याकडं हाय."

"मग त्यांना मागा."

हेच मी नववीत असताना बोलले होते. याच खोलीत, याच माणसाला. तेव्हा माझा आवाज बारीक होता, आता नव्हता. ते काठीवर हात टेकून खुर्चीत बसले. वडिलांच्या नावापुढं ‘अपूर्ण’ राहू द्यायचं की भावापुढं वाकायचं, यांतलं एक त्यांना निवडायचं होतं, आणि मला दोन्ही चालणार होतं.

शेवटी त्यांनी मोबाइल काढला. नंबर पाठ नव्हता, कुणाकडून तरी घ्यावा लागला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. "मी. दादा." त्यांनी मोबाइल कानाला घट्ट धरला. "न्हाई, भांडायला न्हाई. किल्ली पायजे व्हती. वाचनालयातल्या कपाटाची." मग पलीकडून ‘कशाला’ असं आलं असावं. "आप्पांच्या नावासाठी." आवाज फाटला होता. मला दया यायला हवी होती, कदाचित. ती आली नाही. मी खाली मान घालून लेबलं चिकटवत बसले आणि एकेक शब्द ऐकला.

किल्ली पुण्याहून परतणाऱ्या भाजीच्या टेम्पोतून आली, कागदात गुंडाळून. दादांनी दोन्ही कुलपं स्वतः उघडली. गंजलेली होती, किल्ली फिरत नव्हती, पण मी मदत केली नाही. मला हेच बघायचं होतं. धाकट्यांच्या कपाटातल्या खंडांना आजवर कुणाचा हातच लागलेला नव्हता. दादा गेल्यावर मी ‘र’ काढला आणि रेडिओ ज्योतिषशास्त्र वाचलं. त्यातलं मला आता सगळं ठाऊक होतं. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

कोशाची एक नोंद झाली. फळ्यावरची ओळ पुसली. त्याच आठवड्यात मी आकाशनिरीक्षणाचं एक पुस्तक विकत घेऊन आईच्या नावानं वाचनालयाला दिलं. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. मनात आलं होतं, तिचं नाव वर घालावं, ठळक अक्षरात. नाही घातलं. घातलं असतं तर माझं सगळं केलेलं वाया गेलं असतं.

महिन्याभरानं दादा एकटेच आले. "आप्पांचं नाव दाव कॉम्प्युटरात."

मी दाखवलं. त्यांनी चष्मा पुढं-मागं केला. "एवढंसंच? आन् तळाला?"

"सगळ्यांचं तिथंच आहे. येकच नियम समद्यांला."

मी त्यांना देणगीची ओळ इतरांचीही कशी आहे ते दाखवलं. शेवटी आईची नोंद उघडली. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या. तेच अक्षर, तेवढंच अक्षर, देणगी आणि पुढं नुसतं नाव.

"ही कोन?"

"माझी आई. मंचरच्या मार्केटात कांदा निवडायची."

मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. ते दोन्ही ओळींकडं आळीपाळीनं बघत होते, आणि आपल्या बापाची ओळ कांदेवालीच्या ओळीएवढीच आहे हे त्यांना चांगलंच लागलं होतं. पण मी त्यांना आठवले नाही. तो रविवार आठवला नाही. माझ्या आईनं त्यानंतर आयुष्यभर हात धुतल्यावर ते आधी नाकाशी नेले, आणि या माणसाला काही आठवतसुद्धा नव्हतं. मला वाटलं होतं, एवढं झालं की राग उतरेल. तो तेव्हा चढला.

"आप्पांचा येक खंड दे जरा," ते म्हणाले. "हातात घ्यावासा वाटतोय."

मी ‘द’चा खंड काढून आणला. त्यांनी हात पुढं केला. तळव्यावर तंबाखूचा चुरा होता आणि चुन्याचा पांढरा डाग.

"आधी हात धुऊन या, दादा."

वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या. आमच्या धोरणात असा नियम नाही. तो मी तेवढ्यापुरता केला होता, त्यांच्या एकट्यासाठी. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा आपल्या हाताकडं, आणि काठी टेकत मोरीकडं गेले. नळ बराच वेळ चालू होता. परत आले ते ओले हात पुढं धरून. मी ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिले, आणि मगच खंड दिला.