दुसरबीडची दोन सीटची गाडी

पेचकस टोचला तर आरपार गेला. ओढून काढला, हातभर पुढं सरकलो, पुन्हा टोचला. पुन्हा आरपार. गाडीखाली उताणा पडून मी हे करत होतो आणि दर टोचण्यासरशी गंजाचा भुगा तोंडावर पडत होता. शेवटी डोळे चोळत बाहेर आलो.

"काय म्हणते गाडी?" आबासाहेबांनी विचारलं.

"गाडी कुठं हाये? हा तर नुसता गंज हाये, वरून रंग दिलेला."

आबासाहेब दुसरबीडचे मोठे जमीनदार. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. मी बोललो, कारण माझं तोंडच तसं आहे. या तोंडापायीच नागपूरच्या गॅरेजमधून निघालो आणि मेहकरला स्वतःचं दुकान टाकलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. बडे साहेब नागपुरात, बड्या मोटारी नागपुरात, सुटे भागही नागपुरात. माझ्या दुकानात यायच्या त्या खटारा सर्व्हिस लॉऱ्या. त्यामुळे गंजलेली का होईना, पण ही गाडी पाहून माझे हात शिवशिवले होते, हे खरं. ते मी आबासाहेबांना कळू दिलं नाही.

गाडी विलायती. दोन सीटची, लांब नाकाची, मागं होडीसारखी निमुळती होत गेलेली. चाकं तारांची. शर्यतीत पळवायची जात. आबासाहेबांच्या थोरल्या भावानं हौसेनं मुंबईहून आणली होती. तो तापानं अचानक गेला आणि गाडी शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये गेली. तिथं नुसती उभी राहिली असती तरी एक वेळ बरं. पण आबासाहेबांच्या कुणा पाहुण्यानं लोणारच्या तळ्याचा खार त्याच शेडमध्ये साठवला. पोती गाडीच्या चहूबाजूंनी रचली, जागा कमी पडली तेव्हा सीटवरही ठेवली. खार हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात ती पोती ओलीगच्च व्हायची आणि खाली पत्रा ते पाणी पीत राहायचा. शहाण्या माणसानं केलेला उद्योग हा!

"आबासाहेब, नवी घ्या," मी म्हटलं.

"नवी घ्यायची असती तर तुले काऊन बोलावलं असतं?" ते शेजारच्या पोत्यावर बसले. "वहिनीनं मले आजवर काही मागतलं नाही. दादा गेल्यापासून त्या घरात एका कोपऱ्यात राह्यतात. आता माधवचं लग्न ठरलं तं एवढंच म्हणाल्या, की माधव नवरी घेऊन दारात येईन तो त्याच्या बापाच्या गाडीत. बस. आता तूच सांग, नवी घेऊन काय करू?"

माधव म्हणजे त्या थोरल्या भावाचा मुलगा. नवरी बीबी गावची. लग्न उन्हाळ्यात होतं आणि आम्ही बोलत होतो ते दिवाळीनंतर.

"होईन," मी म्हटलं.

"नक्की?"

"मी होईन म्हटलं म्हणजे होईन. पण मधे मधे येऊन विचारायचं नाही."

गाडी बैलगाडीवर घालून मेहकरला आणली. रस्ताभर लोक हसत होते.

गंजलेल्या गाडीचं काम म्हणजे आधी काय मेलं आणि काय जिवंत आहे ते ठरवणं. वरचा रंग पाहून फसायचं नाही. रंगाखाली फोड दिसला की तिथं खरवडायचं, आणि चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडतच जायचं. मी खरवडत गेलो आणि निम्मी गाडी जमिनीवर पडली. खालची सगळी फरशी गेली. शेपटीचा पत्रा गेला. आतला लाकडी सांगाडा वाळवीनं नेला होता. ज्यावर सगळं उभं असतं ती चासीस मात्र पुढून खणखणीत होती. मागच्या टोकाला खाराचा मार बसला होता, तिथं दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या लावून रिबिटा मारल्या. सांगाडा बैलगाड्या करणाऱ्या सुतारानं सागवानाचा करून दिला. त्याला गोल वळणं सांगावी लागली नाहीत, चाकं करण्यात त्याचा जन्म गेला होता. "फक्त हे सांग," तो म्हणाला, "याले बैल कुठून जुंपायचे?" मी त्याला शिव्या घातल्या.

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. आत हात जात नाही, ब्रश जात नाही. मग टाकीत बारीक गोटे आणि साखळीचा तुकडा टाकला, तोंड बंद केलं आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बैलगाडीच्या चाकाला ती आरांमध्ये घट्ट बांधली. तो रोज शेतावर जायचा नि यायचा. टाकी चाकाबरोबर फिरायची, आतले गोटे गंज खरवडायचे. गल्लीतून गाडी निघाली की खडखडाट असा, की कुत्री मागं लागायची. पण टाकी आतून भांड्यासारखी लख्ख झाली.

खरं दुखणं इंजिनचं. पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसले होते. इंजिनमध्ये पिस्टन वर-खाली होतो तेव्हाच गाडी चालते. तो गंजानं धरला तर घण मारून उपयोग नसतो. घणानं पिस्टन फुटतो. मी वरून रॉकेल आणि एरंडेल ओतलं आणि वाट पाहिली. रोज ओतायचं, रोज लाकडी ठोकळा ठेवून हळूच ठोकायचं. तीन सुटले. चौथा काही केल्या हलेना. मी जन्माचा उतावळा, पण त्या पिस्टनपुढं मी साधू झालो होतो. संक्रांत झाली, शिमगा आला, आणि एका सकाळी ठोकळ्याखाली तो केसभर सरकला. मी दुकानात एकटाच होतो. तिथल्या तिथं बसकण मारली आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? पिस्टनवर चढवायच्या नव्या रिंगा नागपूरहून आणल्या, बसवल्या. पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा इंजिन दोनदा खोकलं आणि मग असं गरजलं की समोरच्या किराणावाल्यानं दुकानाची फळी लावून घेतली.

आबासाहेब पाहायला आले. गाडीला हिरवा रंग दिला होता. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "दादा बसला हाये असं वाटून राह्यलं."

"एक अट हाये," मी म्हटलं. "ही पळायची गाडी हाये. हिले पंखा नाही."

"कायचा पंखा?"

मी समजावलं. बाकीच्या मोटारींत रेडिएटरमागं पंखा असतो, तो पाणी थंड ठेवतो. या गाडीत बनवणाऱ्यानं पंखाच ठेवला नव्हता. पळताना समोरून वारा लागतो, तेवढा तिला पुरतो. पण मुंगीच्या चालीनं चालवली तर वारा लागत नाही, पाणी उकळतं. त्यात रिंगा नव्या, घट्ट. तापल्या की पिस्टन पुन्हा जागीच धरणार.

"म्हणून वाजंत्र्याच्या मागं ही चालणार नाही. गावाबाहेरच्या मारुतीपासून निघाली की सरळ दारात. बरं?"

"हाव, हाव," आबासाहेब म्हणाले. ते ज्या घाईनं म्हणाले तेव्हाच मला समजायला हवं होतं.

लग्न बीबीला लागलं. माधवच्या आई गेल्या नाहीत. त्या काळी विधवा बाई मुलाच्याही लग्नाच्या मांडवात जात नसे. त्या घरीच थांबल्या, वरातीची वाट पाहत. नवरा-नवरी बैलांच्या दमणीतून गावाबाहेरच्या मारुतीपाशी आले आणि मी मेहकरहून गाडी घेऊन तिथंच आलो. रस्त्यानं गाडी काय पळाली! मी मुद्दाम जास्त पेट्रोल दिलं नाही, नाहीतर तिनं पंख काढले असते.

मारुतीपाशी पाहतो तर सनईवाले, डफडेवाले, लेझीमवाले आणि अर्धं गाव. दोन सीटची गाडी, म्हणून नवरा-नवरीला मागच्या शेपटीवर गादी टाकून बसवलं. पत्रा मी नवा बसवला होता, वजनाची चिंता नव्हती.

"आबासाहेब, आपलं काय ठरलं होतं?"

"अरे, गाव आलं हाये. मी त्यायले हाकलू का?"

वरात निघाली. दोन पावलं चालायची, लेझीम खेळायची, थांबायची. मी क्लच दाबून धरलेला. नारळ फुटला, थांबा. कुणाची मावशी ओवाळायला आली, थांबा. मारुतीचा ओटा अजून दिसत होता आणि रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ यायला लागली. इंजिनचा आवाज जड झाला. मिस्त्रीला हा आवाज कळतो. अजून थोडं रेटलं तर चौथा पिस्टन धरणार आणि गाडी भर वरातीत बसणार. मग ती बैलांनी ओढत दारात न्यायची. त्या बाईनं एवढे दिवस त्यासाठी वाट पाहिली का?

मी समोर पाहिलं. मारुतीपासून आबासाहेबांच्या दारापर्यंत रस्ता उताराचा आहे. मी इंजिन बंद केलं, गिअर काढला आणि ब्रेकवर गाडी सोडली.

आबासाहेब पळत आले. "बंद पडली का बे?"

"बंद केली. चालून राह्यली ना? मग गुपचूप चला."

गाडी चालत राहिली. मी ब्रेक धरायचा, सोडायचा. वाजंत्री थांबली की मी थांबायचो, निघाली की निघायचो. एरवी रुसलेल्या म्हशीसारखी वागणारी ती गाडी त्या दिवशी शहाणी झाली. बरोबर दारात येऊन मी हँडब्रेक ओढला. नवरा-नवरी उतरली. माप ओलांडलं.

आणि मग जे झालं ते मला आजही सांगताना हसू येतं. लोक माझ्याभोवती गोळा झाले. "वा मिस्त्री! एवढी मोटर, पण आवाज म्हणून नाही." चिखलीचे एक शेटजी लग्नाला आले होते, त्यांच्या दोन लॉऱ्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माह्या दोन्ही लॉऱ्या तुह्याकडे. अशाच करून दे. असाच आवाज बंद पायजे."

"शेटजी, इंजिनच बंद होतं."

ते हसले. "कारागीर आपलं गुपित सांगत नसतो, ठावं हाये मले."

मी तरी किती जणांना सांगणार? जेवलो आणि तिथंच झोपलो.

सकाळी चहा झाल्यावर आतून निरोप आला, माधवच्या आईंनी बोलावलं आहे. त्या माजघराच्या दाराआड उभ्या होत्या. पदर कपाळापर्यंत.

"मिस्त्री, गाडी आली कवा?"

"काल संध्याकाळी, वहिनीबाई. वरातीतच होती. माधवराव तीतूनच उतरले."

"सारे म्हणतात उतरले. मी आत होते. वाट पाहून राह्यले होते आवाजाची, पण वाजंत्रीच ऐकू आली." त्यांनी पदर सारखा केला. "मी त्या गाडीत कधी बसले नाही. पाहिली बी एकदोनदाच, खिडकीतून. आमच्यात बाहेर निघायचा रिवाज नव्हता. ते आले की मले आवाजावरून समजे. मारुतीच्या वळणावर असा एक आवाज होये, मग मी चुलीवर चहाचं आधण ठेवू. काल मले समजलंच नाही गाडी आली ते."

माझा चेहराच पडला. अख्ख्या गावानं वाहवा केली होती. जिच्यासाठी गाडी केली, तिच्यापर्यंत ती आलीच नव्हती.

"थांबा," मी म्हटलं. "दारापाशी थांबा."

सकाळची गार हवा होती, गाडीही गार. हँडल मारलं, गाडी मारुतीच्या पार पलीकडं नेली, वळवली आणि सोडली. वळणावर गिअर खाली घेतला तेव्हा ती असा काही आवाज करून गरजली, की देवळातले पारवे उडाले. कोंबड्या पळाल्या, गाई दाव्याला हिसके देऊ लागल्या. धुरळा उडवत मी दारात आलो आणि एकदा उगाचच पेट्रोल दिलं.

आबासाहेब धोतर सावरत बाहेर आले. "काय केलं गाडीले? काल तं चांगली होती!" शेटजी ओसरीवर दात घासत होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लॉऱ्या गेल्या हे मला तिथंच समजलं.

दाराआड वहिनीबाई उभ्या होत्या. पदर तोंडाशी धरलेला. "हाव," त्या म्हणाल्या. "हीच." आणि आत वळून सुनेला हाक मारली, "चहाचं आधण ठेव वं."

दुसरबीडात अजून म्हणतात, मिस्त्रीनं गाडी झकास केली होती, पण एका रात्रीत बिघडवली. म्हणोत. मी तेव्हापासून काम घेताना दोन गोष्टी विचारतो. गाडी किती हळू चालवणार, आणि घरी तिची वाट कोण पाहतं? पहिल्याचं उत्तर लोक लगेच देतात, बहुतेक वेळा खोटं. दुसऱ्यावर हसतात. तरी मी विचारतो.