तळ्याकाठचं गाऱ्हाणं

आमच्या घराण्यात मुद्दाम डोंगर कोणी चढला नाही, कारण वर बांगडे मिळत नाहीत.

माझी बायको सुमन मात्र दरवर्षी म्हणायची, "दिवाळी झाली काय डोंगरावरच्या तळ्याकडची झाडा लाल होतत म्हणे. माका एकदा दाखवा."

"पाणी बघूक डोंगर कित्याक चढूचो? दारात दर्या आसा."

यंदा आषाढात ती गेली.

दिवाळीनंतर लेक वंदना म्हणाली, "बाबा, आमचो कणकवलीचो ग्रुप तळ्याकडे चललो. येतास?" मी लगेच चप्पल घातली. सुमनची माफी मागायची होती. घरात जमत नव्हतं. (फोटोतसुद्धा ती माझ्याकडे तशीच बघते.)

ग्रुपचे पुढारी एक निवृत्त मास्तर. "पक्षी बुजतात. सगळ्यांनी कुजबुजत बोला."

माझा जन्म या होडीतून त्या होडीवर बोलण्यात गेला. "दम लागलो गो," एवढंच वंदनाच्या कानात सांगितलं, तर पलीकडच्या झाडावरची माकडं उठून गेली.

"बाबा, हळू!"

"ह्या हळूच."

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

वर पोचलो आणि माझं तोंड आपोआप मिटलं. एवढं पाणी, आणि एक लाट नाही! झाडं काठावर लाल, पाण्यातही लाल. खरी कुठली, तेच कळेना. समुद्राला असं गप्प बसलेलं मी जन्मात बघितलं नाही. चप्पल काढली, हात जोडले.

अशा जागेला राखणदार असतो. त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकानं देवाला सांगायचं, बाकीच्यांनी होकार भरायचा, ही आमची रीत. आणि गाऱ्हाणं कोणी कुजबुजत घालत नाही.

"बा राखणदारा म्हाराजा! तुझी लेकरा तुझ्या दारात इली आसत!"

"होय म्हाराजा!" मागून सगळे. (मास्तरसुद्धा. रक्तातच असतं ते.) तळ्यावरचे होते नव्हते तेवढे बगळे उडाले.

आता मी थांबतो कुठला?

"माझ्या सुमनक ह्या तळा बघूचा होता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मी आणूक नाय. आता ती नाय. थंय तिका सांग, माझ्यासारखो गाढव जिल्ह्यात दुसरो नाय!"

"होय म्हाराजा!"

बारा माणसं एका सुरात, मास्तर सगळ्यांत मोठ्यानं. वंदना डोळे पुसत हसत होती.

चाळीस वर्षं हे सुमन बिचारी एकटीच म्हणत होती.