काळी चारचा पंचम

साठीला टेकलेली उल्का रत्नागिरीत गाण्याचा वर्ग घ्यायची. साप, विंचू, नवरा, यांतल्या कुणालाही ती भ्यायची नाही. भ्यायची ती फक्त बहिरेपणाला, आणि त्याला कारण होतं. तिचे वडील भजनात पेटी वाजवायचे. साठी उलटल्यावर त्यांच्या कानात गुणगुण सुरू झाली. एकदा सा आणि पंचम एकत्र दाबून त्यांनी विचारलं, "अगो, हा पंचम वाकडा लागतोय का तुला?" ती म्हणाली, "नाही हो बाबा, सरळ आहे." त्यांनी पेटी मिटली ती कायमची. दोन वर्षांत ते ठार बहिरे झाले.

मुलीने, अवनीने, मुंबईहून डिजिटल पियानो पाठवला तेव्हा उल्काने आधी नाक मुरडलं. पण खेळणं हातात आलं की म्हातारं कोण आणि पोर कोण! त्यात युरोपातली जुन्या काळची ट्यूनिंगं, म्हणजे सूर जुळवायच्या तऱ्हाही होत्या. सकाळी नवरा, सलिल, कलमांना पाणी घालायला गेल्यावर ती एकेक लावून बघत बसली. सोपी म्हणून पांढरी एकपासून एक ट्यूनिंग वाजवून पाहिलं, तर गांधार आमरसात तूप सोडल्यासारखा लागला. हेच ठेवायचं, असं तिने ठरवलं. तंबोऱ्यासारखं घुमावं म्हणून रेझोनन्सही भरपूर वाढवला आणि स्वयंपाकाला लागली.

दुपारी स्वतः गायला बसली. तिची पट्टी काळी चार, म्हणजे सा थेट चौथ्या काळ्या पट्टीवर. सा-पंचम दाबले आणि अंगावर सर्रकन काटा आला. पंचम वाकडा! बोटं उचलली तरी कानात गुणगुण.

आलं, बाबांचं दुखणं आपल्याकडे आलं. पियानोचा संशय येईना, कारण सकाळी हाच तर इतका गोड वाजला होता. आता वर्ग बंद, गाणं बंद, आणि लोक कानाशी येऊन ओरडणार.

सलिल आल्यावर तिने कसंबसं विचारलं, "अहो, हा पंचम कसा लागतोय?"

"फर्स्ट क्लास!"

या माणसाला करपलेली आमटीही फर्स्ट क्लास लागते, हे तिला ठाऊक होतं. पण भ्यालेल्या माणसाला अक्कल कुठली? तिला त्यात स्वतःचंच 'सरळ आहे' ऐकू आलं. बुडत्याचा पाय आणखी खोलात गेला.

संध्याकाळी दर्शना शिकायला आली. पोस्टात नोकरी, गळा सुरेल, पट्टी काळी चार. तिला विचारायचा धीर उल्काला होईना. तिने डोळे गच्च मिटले, देवाचं नाव घेतलं आणि सा-पंचम दाबले.

दर्शनाने सूर लावलाच नाही.

उल्काने भीत भीत डोळे उघडले. दर्शनाचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. "शी! बाई, हा पंचम असा काय विव्हळतोय? आणि बोटं उचलली तरी घुमतंय काय हे मेलं?"

"तुलाही वाकडा लागतोय? खरं सांग गो."

"म्हणजे काय! बहिऱ्यालाही कळेल."

उल्का ढसाढसा रडायला लागली. दर्शना बिचारी गांगरून पाणी घेऊन आली.

मग दोघींनी बटणं धुंडाळली. जुन्या ट्यूनिंगला सा कुठला ते आधी सांगावं लागतं. उल्काने ते सांगितलंच नव्हतं. पियानोने आपला पांढरी एकचा सा धरून तिथे गोडवा राखला होता आणि सगळा बेसूरपणा काळी चारच्या पंचमावर ढकलला होता. गुणगुण होती ती वाढवलेल्या रेझोनन्सची.

दर्शना ते बदलायला गेली, तर उल्काने तिचा हात धरला.

"थांब. एकदा आणखी वाजव."

"हाच? घाणेरडा?"

"हाच," उल्का म्हणाली आणि पदराने डोळे पुसून कान देऊन बसली.